मानेच्या दुखापतीनंतरची नसेची वेदना आणि डोकेदुखी : या चुका टाळा

दुचाकीवरून पडल्यावर किंवा गाडीला मागून धडक बसल्यावर मानेला जो हिसका बसतो, त्याचे दुखणे बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. काहींना मात्र मानेच्या वरच्या टोकापासून डोक्याच्या मागच्या भागावर चढत जाणारी, करंट लागल्यासारखी चमक येत राहते. कंगवा फिरवला किंवा हेल्मेट घातले तरी कातडी झोंबते आणि पुढे सगळेच डोके ठणकू लागते. अशी वेदना अनेकदा मानेच्या दुसऱ्या मणक्याजवळून निघून डोक्याच्या मागे पसरणाऱ्या नसेची असते. तिच्यावर उपचार आहेत, परंतु साध्या अंगदुखीचे नियम तिला लावल्यामुळे ते अर्ध्यावरच फसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे डोके दुखले की औषधाच्या दुकानातून गोळी आणून घेणे आणि हे महिनोन्महिने चालू ठेवणे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ च्या आवृत्तीत याची मर्यादा स्पष्ट दिलेली आहे : ज्याला मुळात डोकेदुखीचा विकार आहे, त्याने पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा ट्रामाडोल, कोडीन किंवा दोन-तीन वेदनाशामके एकत्र असलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच वेगळी डोकेदुखी जडू शकते. येथे गोळ्या नव्हे, दिवस मोजायचे असतात, आणि गुडघ्यासाठी घेतलेली गोळीही त्या मोजणीत धरायची असते. कालनिर्णयाच्या ज्या चौकोनांत घरोघरी दुधाचे खाडे लिहिले जातात, त्याच चौकोनांत गोळीचे नाव आणि वेळ लिहावी. तपासणीला जाताना ते पान सोबत न्यावे, कारण आठवून सांगितलेला आकडा बहुधा कमीच असतो. गोळ्या थांबवल्यावर पहिले काही दिवस डोके अधिकच दुखते आणि नेमके तेव्हाच माणूस पुन्हा गोळीकडे वळतो. म्हणून हे डॉक्टरांना सांगूनच करावे. ट्रामाडोल तर एकदम कधीही बंद करू नये.

नसेच्या वेदनेवरच्या औषधांचा हिशेब वेगळा आहे. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, गाबापेंटिन आणि प्रीगाबालिन ही औषधे दुखेल तेव्हा नव्हे, तर रोज घ्यायची असतात. ती बहुधा कमी मात्रेपासून वाढवत नेली जातात आणि त्यांचा गुण कळायला काही आठवडे लागू शकतात. चार दिवसांत फरक नाही, उलट झोपच फार येते, म्हणून ती परस्पर सोडून देणारे रुग्ण पुष्कळ असतात. वास्तविक गुंगी आणि तोंडाचा कोरडेपणा सांगितल्यास मात्रा किंवा वेळ बदलता येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर अ‍ॅमिट्रिप्टिलीन सुरू होण्याआधीच ते सांगावे. आपल्याकडे प्रीगाबालिन आणि मिथाइलकोबालामिन हे जीवनसत्त्व एकाच गोळीत मिळते, आणि ती ताकदीची गोळी समजून गावी जाताना घरी राहिली तरी चालेल असे मानले जाते. प्रीगाबालिन अचानक तुटल्यास झोप उडणे, घाम, मळमळ आणि अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. त्यासोबत मद्य किंवा झोपेची गोळी घेणे तर श्वासासाठी धोक्याचे आहे.

केस कापून झाल्यावर सलूनच्या खुर्चीतच मान कडकन मोडून घेण्याची सवय अशा मानेसाठी पूर्ण बंद करावी, कारण त्या झटक्याने क्वचित मेंदूकडे जाणारी मानेतील रक्तवाहिनी आतून फाटू शकते. मानेचा पट्टा सल्ल्याशिवाय आठवडेच्या आठवडे बांधल्यास स्नायू दुबळे होतात. बधिर भागावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. तेथे चटका कळत नाही आणि कातडी भाजते.

एमआरआय स्वच्छ आला म्हणजे दुखणे मनाचे आहे, हा निष्कर्ष मला सर्वाधिक अन्यायकारक वाटतो, कारण त्यानंतर घरातली माणसेही रुग्णावर विश्वास ठेवेनाशी होतात. चिडलेल्या बारीक नसा त्या चित्रात बहुधा दिसतच नाहीत. शिवाय मानेच्या वरच्या नसांचे आणि चेहऱ्याच्या नसेचे संदेश मेंदूच्या तळाशी एकाच ठिकाणी पोहोचत असल्यामुळे मूळ मानेत असूनही दुखणे डोळ्यामागे जाणवते, आणि रुग्ण चष्म्याचा नंबर व सायनस तपासत फिरतो. डोक्यामागच्या नसेभोवती भूल देणारे इंजेक्शन दिल्यावर वेदना तात्पुरती थांबली, तर निदानाला मोठा आधार मिळतो आणि काहींना त्यातून बराच काळ आरामही पडतो. न्यूरॉलॉजिस्टना किंवा वेदनातज्ज्ञांना याविषयी जरूर विचारावे.

मात्र जुनीच डोकेदुखी आहे असे म्हणून प्रत्येक वेळी थांबू नये. क्षणार्धात शिगेला पोहोचलेली डोकेदुखी, तापासह ताठरलेली मान, एका बाजूची अशक्तता, अडखळणारे बोलणे किंवा वाढती गुंगी दिसल्यास त्याच वेळी रुग्णालय गाठावे. वयस्कर व्यक्तींमध्ये आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये डोक्याला बसलेल्या किरकोळ मारानंतरही मेंदूवर हळूहळू रक्त साचून काही आठवड्यांनी लक्षणे दिसू शकतात, त्यामुळे पडण्याला महिना उलटला असला तरी ती घटना डॉक्टरांना आवर्जून सांगावी.