पूर ओसरल्यावर सुरू होणारे घोळ: आपत्ती आणि विस्थापनाच्या प्रकल्पांत या चुका टाळा

नागपुरात बसून हवामान विस्थापनाचे प्रस्ताव तपासताना समुद्राची पातळी वाढल्याचे परिच्छेद मी इतक्यांदा खोडलेत की आता हात आपोआप चालतो. कुणीतरी किनारपट्टीवरच्या प्रकल्पाचा मसुदा उचलतं, जिल्ह्याचं नाव बदलतं आणि 'चक्रीवादळ निवारा' तसाच राहून जातो. ही चूक निदान डोळ्यांना दिसते तरी. खाली लिहितेय त्या चुका कागदावर अगदी बरोबर दिसतात, म्हणून वर्षानुवर्षं चालतात.

लाइट बिलावरून पूरग्रस्तांची यादी करणं

माझा सगळ्यात जास्त राग या एका चुकीवर आहे, त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं. सरकारी आकड्यानुसार सुमारे १०,००० घरांना फटका बसला. दोन-चार दिवसांत वस्त्यांमध्ये संस्थांची रीघ लागली. अशाच एका संस्थेची टीम नाल्याकाठच्या एका वस्तीत टॅबलेट घेऊन उतरली. पोरं हुशार होती, दमेपर्यंत फिरलीही. पण फॉर्मचा पहिलाच रकाना होता 'घर कोणाच्या नावावर', आणि पुरावा म्हणून लाइट बिल.

आता या वस्त्यांमधली रचना बघा. नाल्याला लागून एका ओळीत पाच-सहा खोल्या, मालक एक, मीटर एक. मालक वरच्या मजल्यावर किंवा मागच्या पक्क्या घरात. खालच्या खोल्यांत भाडेकरू: कुणी छत्तीसगडचं, कुणी मेळघाटातलं, कुणी कापूस गेल्यावर यवतमाळहून आलेलं. पाणी शिरलं ते खालच्या खोल्यांत. धान्य, अंथरुणं, गॅसची शेगडी, एकीची शिलाई मशीन, सगळं चिखलात. यादीत नाव चढलं एक, मालकाचं. वाटपाच्या दिवशी त्याचं घर कोरडं आणि हातात किट, भाडेकरू रांगेबाहेर. शिलाई मशीनवाली बाई टेबलापाशी येऊन म्हणाली, "बिल मालकाच्या नावावर हाय, पण पानी त माह्याच खोलीत घुसलं ना भाऊ." टेबलावरच्या पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, ताई, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही.

खरा घोळ पुढे झाला. खोल्यांच्या भिंती ओल्या, मालकाला दुरुस्ती करायची, त्याने खोल्या रिकाम्या करायला लावल्या. भाडेकरू पांगले. कुणी हिंगण्याकडे गेलं, कुणी कळमन्याकडे, कुणी सरळ गावी. काही महिन्यांनी संस्थेने यादीतली घरं पुन्हा तपासली. यादीतला प्रत्येक जण आपल्याच पत्त्यावर सापडला, कारण यादीत सगळे मालकच होते. अहवालात लिहिलं गेलं: कायमचं विस्थापन, शून्य. विस्थापनावरच्या प्रकल्पाने विस्थापितच मोजले नाहीत, आणि तो अहवाल कौतुकाने वाचलाही गेला.

मी काय करते ते सांगते. याला कुणी पद्धत वगैरे म्हणू नये, ही माझी सवय आहे. दार मोजायचं नाही, मीटर मोजायचं नाही, चूल मोजायची. जितक्या चुली तितकी कुटुंबं. वस्तीत संध्याकाळी सातनंतर जायचं, कारण दिवसा भाडेकरू मजुरीच्या ठिय्यावर किंवा कुणाच्या घरी धुणीभांडी करायला गेलेले असतात. सुरुवात नाल्याच्या टोकापासून करायची, डांबरी रस्त्याकडून नाही. रस्त्याकडून सुरू केलं की वरच्या घरांतच चहा होतो आणि उशीर होतो. सोबत आशाताई किंवा अंगणवाडी सेविका हवी. कोणत्या खोलीत बाळंतीण आहे, कोण मागच्या महिन्यात राहायला आलं, हे तिला तोंडपाठ असतं. किराणावाल्याशी बोलावं. उधारी कोणाकोणाची आहे हे त्याला माहीत, म्हणजे राहतं कोण हेही त्याला माहीत. मात्र त्याच्या वहीचा फोटो काढू नका, लोकांची उधारी हा तुमचा डेटा नाही.

प्रत्येक कुटुंबाचे दोन फोन नंबर घ्या: एक त्यांचा, एक गावाकडच्या नातेवाइकाचा. शहरातला नंबर रिचार्ज संपला की बंद पडतो, गावातल्या काकाचा सहसा सुरू असतो. आणि वाटपाआधी यादीचं वस्तीतच चावडी वाचन करा, मोठ्याने. भांडणं होतील. ती त्या दिवशी झालेली बरी, किटांचा ट्रक उभा असताना नकोत.

तलाठ्याच्या पंचनाम्याची यादी मिळाली की आपलं काम झालं, असं समजणारेही भेटतात. पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो, त्याचे निकष वेगळे. त्यातून कोण सुटलं ते शोधण्यासाठी तर तुम्ही आहात.

सकाळी अकराची रंगीत तालीम

पुरातून बचावाची तालीम म्हणजे बॅनर, पाहुणे, शिट्ट्या, स्ट्रेचरवर झोपलेला हसरा स्वयंसेवक, शेवटी समोसे. वेळ सकाळी अकराची, कारण पाहुण्यांना तीच सोयीची. त्या वेळी वस्तीत असतात म्हातारी माणसं आणि शाळा बुडवलेली मुलं. २०२३ चा पाऊस आला मध्यरात्रीनंतर. व्हॉट्सॲप ग्रुपवर इशारा पडला तरी तो वाचणार कोण?

तालीम रात्री घ्या. वीज गेलेली आहे असं धरून घ्या, कारण पुरात ती बहुतेक जातेच. मंदिराचा, विहाराचा, मशिदीचा भोंगा कोण लावणार, आणि वीज नसेल तर दारं कोण ठोठावणार, हे नावानिशी ठरलेलं असावं. त्या पुरात एका मूकबधिर विद्यालयातल्या ४० मुलांना बचाव पथकांनी बाहेर काढलं. भोंग्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मी नेहमी एकच प्रश्न विचारते: निवाऱ्याच्या शाळेची किल्ली रात्री कुठे असते? आराखड्यात शाळेचं नाव असतं, क्षमता असते, नकाशावर हिरवा ठिपकाही असतो. किल्ली असते शिपायाच्या कमरेला आणि शिपाई राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला. दुसरी किल्ली वस्तीतल्या बचत गटाच्या अध्यक्षेकडे ठेवायला मुख्याध्यापक आधी नाही म्हणतात. लेखी पत्र द्या, मिळते. कुलूप तोडायला लागलं की मग दाराचा खर्च कोणी द्यायचा यावर महिनाभर पत्रव्यवहार चालतो, त्यापेक्षा हे सोपं.

फॉरवर्ड आलेला आकडा प्रस्तावात टाकणं

मे २०२४ च्या शेवटी नागपुरात ५६ अंश तापमान नोंदल्याची बातमी फिरली. स्वयंचलित केंद्राचा सेन्सर बिघडलेला होता, हवामान खात्याने तसं स्पष्टही केलं. तरी तो आकडा नंतर मला एका प्रस्तावाच्या पहिल्या पानावर भेटला. नागपूरचा उन्हाळा भीषण ठरवायला खोटा आकडा लागत नाही हो. हवामान खात्याच्या सोनेगाव वेधशाळेची नोंद बघा, ती पुरेशी भाजते.

याच जातीची दुसरी चूक जागतिक आकड्यांची. अंतर्गत विस्थापनावर नजर ठेवणाऱ्या जिनिव्हातल्या केंद्राने २०२४ साठी आपत्तींमुळे झालेली ४ कोटी ५८ लाख विस्थापनं मोजली. ती विस्थापनं आहेत, माणसं नाहीत. एकच कुटुंब वर्षात दोनदा हललं तर दोनदा मोजलं जातं. त्याच केंद्राच्या हिशेबाने वर्षाअखेरीस आपत्तीमुळे घराबाहेर असलेली माणसं सुमारे ९८ लाख होती. मोठा आकडा छान दिसतो म्हणून त्यापुढे 'लोक' लिहू नका.

पूररेषेचा अर्थ चुकीचा लावणं

नदीकाठच्या नकाशावरची निळी रेषा २५ वर्षांत एकदा येईल अशा पुराची, लाल रेषा १०० वर्षांतल्या. याचा अर्थ २०२३ ला आला, आता पुढचा २१२३ ला, असा नाही. लाल रेषेच्या पुराची दर वर्षी शंभरात एक शक्यता, परवा येऊन गेला असला तरी.

जिल्ह्याच्या सीमेवर आराखडा संपवणं

पाणी हद्द बघत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतली गावं बुडवली, आणि त्यातलं बरंच पाणी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून सुटलेलं होतं. वरच्या धरणाच्या नियंत्रण कक्षाचा नंबर तुमच्या आराखड्यात नसेल तर बाकी परिशिष्टं छापण्यात कागद घालवू नका. आणि 'विदर्भात कुठे पूर येतो' म्हणणाऱ्या नव्या सहकाऱ्यांना नरखेड तालुक्यातल्या मोवाडला घेऊन जा. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात तिथे २०४ माणसं गेली. म्हातारी माणसं अजून सांगतात, फक्त जाऊन बसायला वेळ लागतो. तो वेळ 'फील्ड व्हिजिट, अर्धा दिवस' यात बसत नाही.

लांब घर देऊन पुनर्वसन झालं म्हणणं

चार घरची कामं करणाऱ्या बाईला दहा-बारा किलोमीटरवर फ्लॅट दिलात तर रोजचं ऑटोभाडं तिने कुठून आणायचं? ती फ्लॅट भाड्याने देते आणि नाल्याकाठी परत येते. मग आपण तिला लबाड म्हणतो.

मानकं जशीच्या तशी चिकटवणं

आपत्तीतल्या मदतकार्याची आंतरराष्ट्रीय किमान मानकं म्हणजे स्फिअर, त्याचे आकडे सगळ्यांना पाठ असतात: माणशी रोज १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचालय. ही किमान पातळी आहे, उद्दिष्ट नाही. नागपुरात मे महिन्यात १५ लिटरमध्ये कुटुंब ठेवून दाखवा. आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट शौचालयं हवीत ही त्याच मानकांतली ओळ मात्र कुणाला आठवत नाही.

ताडपत्री जुलैत मागवणं

मागवू नका. एप्रिलमध्ये भाव कमी असतो, जाडी निवडता येते. पावसात मिळते ती पातळ, पहिल्या वाऱ्यात फाटते.

परदेशी निधी भागीदार संस्थेकडे वळवणं

परदेशी देणग्यांच्या कायद्यात (एफसीआरए) झालेल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीचे पैसे दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाहीत, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. तरीही 'स्थानिक भागीदारामार्फत अंमलबजावणी' असं लिहिलेले प्रस्ताव अजून येतात, आणि तारांबळ उडते ती पैसे खात्यात आल्यावर. वस्तीतली माणसं आपल्याच पगारपत्रकावर घ्यावी लागतील, खरेदी आपल्याच नावाने करावी लागेल. हे देणगीदाराला करार होण्याआधी सांगा, आणि मसुदा सीएला दाखवल्याशिवाय सही करू नका.