छोट्या गॅरेजची तयारी: टेप काढण्याआधी गाडी आत घ्या

झाडझूड करा, नको ते सामान काढून टाका. यावर जास्त शब्द खर्च करत नाही. निवृत्तांच्या वसाहतीत राहणार असाल तर एक गोष्ट मात्र आधी करा: भिंतीत भोकं पाडायला, कामाच्या बाकावर ठोकाठोक करायला आणि बॅटरी चार्जिंगला परवानगी आहे का, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. तोंडी 'चालेल हो' ऐकून रॅक ठोकलं आणि नंतर उतरवायला लागलं, तर भिंतीचं प्लास्टर आणि मजुरी दोन्ही तुमच्या माथी.

आता माप. गाडी आत लावा, चालकाचं दार पूर्ण उघडा आणि मग टेप काढा. रिकाम्या गॅरेजचं माप कागदावर भरपूर वाटतं, पण ते निरुपयोगी असतं. समजा आतली रुंदी नऊ फूट आहे आणि गाडी आरसे सोडून पावणेसहा. उरले सव्वातीन फूट, म्हणजे फूटभर खोलीचं रॅक सहज बसेल असा हिशोब होतो. तो चुकीचा आहे. डाव्या-उजव्या बाजूला सारखी जागा ठेवली तर दोन्हीकडून उतरणं अवघड. म्हणून शेजारच्या सीटची बाजू भिंतीला लावा, त्या बाजूचा आरसा मिटून सहा इंच सोडा आणि त्या सीटवरच्या माणसाला गाडी आत घेण्यापूर्वी बाहेरच उतरवा. मग चालकाकडे पावणेतीन फूट मिळतात. तिथे फूटभर रॅक लावलं की उरले पावणेदोन. तेवढ्या फटीतून तिशीतला माणूस अंग चोरून निघतो. गुडघा दुखत असेल तर निघता येत नाही, कारण पाय बाहेर काढायला दार जवळजवळ पूर्ण उघडावं लागतं आणि उठताना दाराच्या कडेला हात टेकावा लागतो. वॉकर वापरत असाल तर तो स्वतःच दोनेक फूट रुंद असतो. आज लागत नाही म्हणून हा विचार सोडू नका. अशा वसाहतीत राहायला आलात ते पुढच्या वर्षांसाठीच. चालकाच्या बाजूच्या भिंतीवर कमरेच्या खाली काहीही नको. त्याच्या वर खुंट्या लावल्या तरी त्या उथळ हव्यात.

दार उघडून माप घेतलंत? आता मागचं दारही उघडा. हॅचबॅकचं मागचं दार वर जाताना मागे बरंच फेकलं जातं आणि बंद शटरला आदळतं. शटर गुंडाळणारं नसून वर सरकून छताखाली आडवं होणारं असेल, तर ते उघडं असताना मागचं दार त्याच्या कडेला घासू शकतं. छतालगत सामान ठेवायची फळी मारण्याआधी हेही बघा. आणि चालकाचं दार? पुन्हा एकदा उघडा, या वेळी जो सगळ्यात जास्त अवघडून उतरतो त्याला आत बसवून. जमिनीवर दाराच्या टोकाखाली खडूने रेघ मारा. त्या रेघेच्या आत जे येईल ते रद्द.

गाडी रोज त्याच जागी थांबली नाही तर ही सगळी मापं फुकट. त्यासाठी जमिनीवर रबरी अडथळा ठोकू नका, अंधारात त्यालाच ठेचकाळायला होतं. छतापासून दोरीला चेंडू सोडा, तो समोरच्या काचेला टेकला की थांबायचं. बाजूच्या अंतरासाठी जमिनीवर पिवळी पट्टी पुरते. जिथे दार भिंतीला लागतं तिथे फोमची पट्टी चिकटवा.

सामानाची खरी जागा बॉनेटच्या वर, समोरच्या भिंतीवर. लांबी सतरा फूट आणि गाडी तेराची असेल तर चार फूट उरतात, पण ते सगळे पुढे वापरू नका, मागचं दार लक्षात ठेवा. फळ्या जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवर सुरू करा, खोली पंधरा इंच. त्या बॉनेटवर आल्या तरी चालतं, बॉनेट उघडायचं तेव्हा गाडी बाहेर काढायची. अठरा मिलिमीटर प्लाय आणि दर दोन फुटांवर ब्रॅकेट. अंतर वाढवलं की फळी हळूहळू मधोमध वाकते. विटांच्या भिंतीत आठ मिलिमीटरचं भोक विटेत पाडा, सांध्याच्या मसाल्यात नाही, तिथला प्लग (स्क्रू धरून ठेवणारी नळी) वजन पडलं की सुटतो. पोकळ ब्लॉकला आणि जिप्समच्या पार्टिशनला वेगळे प्लग लागतात, दुकानात भिंत कसली ते सांगा.

जड वस्तू गुडघा ते खांदा या पट्ट्यात. डोक्यावर फक्त उशा, रिकाम्या बॅगा, सणाचं सामान. शिडी लागेल अशी फळी करायचीच नाही, आणि स्टुलावर चढून नंतर पश्चात्ताप करण्यातही काही मजा नाही. खोक्यांचं वजन दहा किलोच्या खाली. पुठ्ठ्याची खोकी ओल धरतात, झुरळं घर करतात. झाकणाचे पारदर्शक डबे घ्या आणि जमिनीपासून चार इंच वर ठेवा.

काम करायला बाक हवा असेल तर भिंतीला बिजागरीवर मिटणारा, अठरा इंच खोल. बसून काम करणार असाल तर उंची अठ्ठावीस इंच, उभ्याने चौतीस. उघडलेल्या अवस्थेत तो गाडीच्या दाराच्या रेघेत येतो का? येत असेल तर गाडी बाहेर असतानाच वापरा. नाहीतर नकोच.

वीज: प्लग कमरेच्या उंचीवर, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). एक्स्टेंशन जमिनीवरून नको. दिवा हालचालीवर लागणारा, चालकाच्या दाराच्या बाजूला. छताच्या मधोमध लावला तर गाडीचीच सावली पायांवर पडते.

शटर बंद असताना इंजिन सुरू करायचं नाही, अर्धं उघडं असलं तरी नाही. गॅस सिलिंडर, पेट्रोलचे डबे आत नकोत. ई-सायकल बाहेर पडायच्या वाटेवर चार्ज करू नका. दोन किलोचं अग्निशामक गॅरेजच्या दाराजवळ, आतल्या कोपऱ्यात नाही. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी उतरू न देणारा छोटा चार्जर), टायरमध्ये नीट हवा आणि उंदरांसाठी शटरखालची फट बंद. मोटरचं शटर असेल तर वीज गेल्यावर हाताने कसं उघडतं ते घरातल्या दोघांनाही करून बघायला लावा, आणि जादा किल्ली कार्यालयात देऊन ठेवा.