हरवलेली विंडो कीबोर्डने परत कशी आणावी

विदर्भातल्या खेड्यांत सेतू केंद्रातला किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतला लॅपटॉप कधी प्रोजेक्टरला, कधी जुन्या मॉनिटरला जोडलेला असतो. काम झालं की पडदा बंद होतो, वायर मात्र तशीच राहते. मग प्रोग्रॅम उघडला तर खालच्या पट्टीवर चिन्ह दिसतं, विंडो कुठेच नाही. "भाऊ, खिडकीच दिसून नाही राहिली!"

घाबरून मशीन बंद करू नका, अर्धा भरलेला फॉर्म जाईल. विंडो चालूच आहे. लॅपटॉपच्या लेखी दुसरा पडदा अजून जोडलेला आहे आणि विंडो त्या न दिसणाऱ्या जागेत उघडली आहे. ती माउसने ओढायची तर आधी दिसायला हवी, म्हणून इथे कीबोर्डच कामी येतो.

१. मराठी टायपिंग चालू असेल तर विंडोज बटण + स्पेसबार दाबून इंग्रजीवर या.
२. ऑल्ट + टॅबने हरवलेली विंडो निवडा.
३. ऑल्ट + स्पेसबार दाबा. मेनू दिसला नाही तरी पुढे चला.
४. एम दाबा. एम म्हणजे मूव्ह.
५. बाणाचं कुठलंही बटण एकदा दाबा आणि माउस हलवा. विंडो पॉइंटरला चिकटून येते. समोर आली की क्लिक करा.

विंडो पूर्ण पडदाभर पसरलेली असेल तर मूव्ह चालत नाही. आधी ऑल्ट + स्पेसबार, मग आर दाबून ती लहान करा आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा. विंडोज ७ पासून एक जवळची वाटही आहे: विंडोज बटण + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण. विंडो थेट दुसऱ्या पडद्यावर जाते. मी आधी हेच करून पाहतो, पण ऑल्टची वाट प्रत्येकाला पाठ असावी असं माझं ठाम मत आहे, कारण माउस बिघडला तरी त्याच मेनूतून एनने विंडो खाली बसते, एक्सने मोठी होते, सीने बंद होते.

हा मेनू एवढा कामाचा का, तर विंडोजची पहिली आवृत्ती १९८५ ची आणि तेव्हा कितीतरी संगणकांना माउसच नसे. आयबीएम या संगणक कंपनीने १९८७ मध्ये प्रोग्रॅम कसे दिसावेत, कसे चालावेत यासाठी काढलेल्या नियमावलीतही कीबोर्डवरून सगळं करता यावं असा आग्रह होता. विंडोजचं चिन्ह असलेलं बटण १९९४ मध्ये आलं. म्हणून जुने शॉर्टकट ऑल्टवर आहेत आणि नवे त्या बटणावर.

नव्यांपैकी दोन सेतू केंद्रात रोज लागावेत असे. विंडोज बटण + डावा बाण दाबला की सातबारा अर्ध्या पडद्यावर बसतो, उरलेल्या अर्ध्यात पीकविम्याचा फॉर्म घ्या. गट नंबर समोर पाहून भरला की चुकत नाही.

दुसरा विंडोज बटण + होम. हातातली विंडो सोडून बाकी सगळ्या खाली जातात. खरिपाच्या गर्दीत एकाचा आधार मागच्या विंडोत उघडा असताना पुढचा शेतकरी पडद्याकडे पाहत उभा असतो, तेव्हा हे आधी दाबा. पुन्हा तेच दाबलं की सगळ्या परत येतात. काही लॅपटॉपवर होम हे बाणाच्याच बटणावर छापलेलं असतं, तिथे सोबत एफएन दाबावं लागतं.