परातीतला चंद्र आणि तिरकी गोटी

चंद्रावरचे खड्डे घरी पाडून पाहायचे तर खोलगट परातीत चार बोटं पांढरी रांगोळी भरा. पहिल्यांदा मी कणीक घेतली होती. पावसाळ्याचे दिवस, ती दमट झाली आणि गोटी पडली की नुसता अंगठा टेकवल्यासारखा ठसा उमटायचा. रांगोळी पट्टीने सपाट करून वर चहाच्या गाळणीतून गेरू भुरभुरवा, पांढरं झाकेल इतकाच. खाली पेपर हवाच. गेरू फरशीच्या सांध्यांत शिरला की निघत नाही.

आता स्टुलावर चढून गोटी सोडा. फेकू नका. गोल खड्डा, कडेला उंचवटा आणि गेरूवर चहूकडे पांढरे फटकारे! पौर्णिमेला दुर्बिणीतून चंद्रावरच्या टायको विवराभोवती, म्हणजे एका मोठ्या खड्ड्याभोवती, असेच फटकारे दिसतात. गोटी चिमट्याने उचला, बोटांनी कड ढासळते.

मग बाजूने, अगदी तिरकी फेका. खड्डा लांबट होतो. माझा भाचा लगेच म्हणाला, "मामा, मग चंद्रावरचे गोल कसे? सगळे दगड काय सरळ वरूनच पडले?"

नेमका इथेच ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट अडला होता. हा अमेरिकन भूवैज्ञानिक 1892 मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेतून 18 रात्री चंद्र न्याहाळत होता. बहुतेकांना ती विवरं ज्वालामुखींची वाटायची. हा म्हणाला, आघाताची, दगड आदळून पडलेली. पण गोलाई सुटेना. म्हणून त्याने तर्क लढवला: पृथ्वीभोवती शनीसारखं कडं होतं, त्यातले तुकडे एकत्र येऊन चंद्र झाला आणि शेवटच्या तुकड्यांनी बरेचसे सरळ पडून खड्डे पाडले. कल्पना देखणी, पण गोळे टाकून पाहण्याच्या प्रयोगांनी त्याला चकवलं.

घोळ वेगाचा आहे. दोन मीटरवरून सोडलेली गोटी सेकंदाला सहा मीटरच्या आसपास वेगाने आदळते. चंद्रावर दगड येतो सेकंदाला साधारण 20 किलोमीटरने. म्हणजे ग्रॅममागे ऊर्जा सुमारे एक कोटी पट. तो दगड खणत नाही, फुटतो, आणि स्फोटाचा खड्डा गोलच पडतो, मग दगड तिरका का येईना. फारच घासून आला तरच लांबट. हे एस्टोनियाचा खगोलशास्त्रज्ञ एर्न्स्ट एपिक याने 1916 मध्ये आणि न्यूझीलंडच्या गिफर्डने 1924 मध्ये मांडलं.

त्यामुळे तिरक्या फेकीचा खड्डा दाखवताना मुलांना वेग आधी सांगा. आणि जमलं तर लोणारला न्या. चंद्रावरच्या काळ्या डागांत असतो तसाच बेसाल्ट खडक, त्यात जवळजवळ 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, जवळपास गोल. भाचा काठावर उभा राहून पहिलं काय म्हणाला? "मामा, गोटी कुठाय?"