निवेदन लिहिताना शब्दाची छटा कशी पारखावी

सार्वजनिक गणेशोत्सवाचे पत्रक लिहायला बसलेल्या कार्यकर्त्यापुढे पहिला पेच पैशाला काय म्हणावे हाच असतो. ‘वर्गणी’ लिहिले की प्रत्येक घराचा सारखा वाटा आला, म्हणजे देणारा शेजारच्या घराने किती दिले हे आधी विचारणार. ‘देणगी’ लिहिले की देणाऱ्याच्या हाताला मोठेपणा येतो आणि त्याला आपले नाव फलकावर दिसण्याची अपेक्षा करता येते. ‘मदत’ म्हटले तर मंडळ अडचणीत आहे असे वाटते, ‘निधी’ म्हटले तर हिशेब, पावती आणि खजिनदार डोळ्यांपुढे येतात. पत्रक वाचून कपाळाला आठ्या घालणारा मनात जो शब्द उच्चारतो तो ‘खंडणी’. पाचही शब्दांत खिशातून जाणारी नोट तीच आहे, पण ती देताना माणूस स्वतःला कोण समजतो हे त्या शब्दावर ठरते. म्हणून जिथे सगळ्यांकडून थोडे थोडे हवे तिथे ‘वर्गणी’ आणि जिथे दोघाचौघांकडून बरेच हवे तिथे ‘देणगी’ लिहावे. दोन्ही हवे असेल तर सरळ दोन पत्रके काढावीत.

शाळेच्या व्याकरणात अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्ती आपण शिकतो, पण व्यंजना, म्हणजे उघड न सांगता अर्थ सुचवण्याची शक्ती, ही कवितेपुरतीच असते असा समज तिथून घेऊनच बाहेर पडतो. प्रत्यक्षात तिची सर्वाधिक गरज अर्ज, निवेदन, आवाहन आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर लागते, कारण तिथे वाचणाऱ्याने काहीतरी करावे अशी आपली इच्छा असते. शब्दकोश वाच्यार्थ सांगतो. त्याभोवतीचा वास मात्र वाचणाऱ्याच्या आयुष्यातून आलेला असतो. त्यामुळे लेखणी उचलण्यापूर्वी हा कागद नेमक्या कोणत्या टेबलावर पडणार आहे, हे ठरवून घ्यावे.

पाण्याच्या तक्रारीचे उदाहरण घेऊ, कारण असे अर्ज दुरुस्त करून देण्यात माझा बराच वेळ गेला आहे. पहिला खर्डा बहुधा असा येतो : ‘आपल्या खात्याच्या बेजबाबदार व झोपी गेलेल्या कारभारामुळे रहिवाशांचे अक्षरशः अतोनात हाल होत असून त्यांना पाण्यासाठी दाही दिशा भटकावे लागत आहे.’ राग खरा आहे, पण वाक्यातला एकही शब्द वाचणाऱ्याला जागचा हलवत नाही. ‘बेजबाबदार’ हा शब्द कृतीचे वर्णन करत नाही, माणसावर निकाल देतो. ज्या कनिष्ठ अभियंत्याच्या हाती तो पडतो त्याचा कदाचित यात काही दोष नसतो, तरीही तो लगेच खात्याच्या बचावाला उभा राहतो. ‘झोपी गेलेला’ हा टोमणा आहे, आणि टोमण्याला उत्तर टोमण्यानेच मिळते. ‘अतोनात हाल’ हे एके काळी जड असलेले शब्द वापरून वापरून नाण्यासारखे गुळगुळीत झाले आहेत. ‘दाही दिशा’ वाचताना तर कोणालाच एकही दिशा दिसत नाही.

तोच मजकूर असा लिहून पाहावा : ‘१२ मार्चपासून आमच्या इमारतीला सकाळी सहा ते साडेसहा एवढाच वेळ पाणी सोडले जाते. तिसऱ्या मजल्यावर ते चढत नाही. ४८ कुटुंबे रोज दोन टँकर पाणी विकत घेत आहेत.’ (आकडे नमुन्याचे आहेत, आपल्या इमारतीचे घालावेत.) येथे विशेषण नाही, पण छटा आहे, आणि ती दोन जागी मुद्दाम ठेवलेली आहे. पहिली जागा क्रियापदाची. घरात आपण सहज ‘पाणी आलं’, ‘पाणी गेलं’ असे म्हणतो, जणू ते पावसासारखे आपल्या मर्जीने येते-जाते. अर्जात ‘पाणी येत नाही’ लिहिले की दोष पाण्याचाच होतो. ‘सोडले जाते’ म्हटले की झडप फिरवणारा एक हात आणि त्या हाताचे वेळापत्रक वाक्यात शिरते, तेही कोणाचे नाव न घेता आणि कोणाला न दुखावता. दुसरी जागा ‘विकत’ या शब्दाची. दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आधी पाण्याचा तांब्या द्यावा, या रीतीत वाढलेल्या कानाला ‘पाणी’ आणि ‘विकत’ हे शब्द शेजारी आले की टोचतात. ते टोचणे पुरेसे आहे. त्यापुढे ‘ही अत्यंत लाजिरवाणी बाब आहे’ असे लिहिले तर वाचणाऱ्याला स्वतःहून लाजण्याची संधीच आपण हिरावून घेतो.

यावरून छटेचे सर्व काम अशा साध्या शब्दांनीच करावे असे मात्र नाही, कारण काही शब्दांना कानातल्या अर्थाखेरीज कायद्यातला किंवा शासकीय संहितेतला अर्थही असतो. २०१८ साली राज्य शासनाने २३ ऑक्टोबरला १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर केली आणि आठवडाभराने, ३१ ऑक्टोबरला, १५१ तालुक्यांत ‘दुष्काळ’ जाहीर केला. २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार या एका प्रक्रियेच्या पायऱ्या होत्या. ज्याचे सोयाबीन करपले होते त्याच्या कानाला मात्र ‘सदृश’ हा थंड संस्कृत शब्द नापिकीवर शंका घेतल्यासारखा लागला. दोन्ही बाजू आपापल्या जागी समजण्यासारख्या आहेत. अर्ज लिहिणाऱ्याने यातून घ्यायची खबरदारी अशी की तालुका जाहीर झालेला नसताना ‘आमच्या दुष्काळी गावाला’ असे लिहिल्यास उत्तर एका ओळीत येते : आपला तालुका यादीत नाही. त्याऐवजी शेवटचा पाऊस कधी झाला, पेरणी किती वेळा मोडली आणि विहिरीला आता किती परस (म्हणजे किती पुरुष खोल) पाणी आहे ते लिहावे. ‘दुष्काळ’ हा शब्द वाचणाऱ्याच्या मनात आपोआप उमटतो, आणि तो आपण लिहिलेला नसल्यामुळे खोडताही येत नाही.

काही शब्द कारण आपल्या पोटातच घेऊन येतात. ‘विस्थापित’ म्हटले की माणूस हलला एवढेच कळते. ‘धरणग्रस्त’ म्हटले की कशाने हलवला तेही कळते, आणि ‘ग्रस्त’ मध्ये गिळले गेल्याचा अर्थ आहे. कोयनेच्या खोऱ्यातली काही माणसे आधी धरणग्रस्त झाली आणि ११ डिसेंबर १९६७ नंतर भूकंपग्रस्तही. पुनर्वसनाच्या मागणीत म्हणून ‘ग्रस्त’ सोडू नये. तसेच शासनाच्या योजनेचा पैसा घेणारा ‘लाभार्थी’ असतो, म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. जमीन देऊन मोबदला मागणाऱ्याने स्वतःला लाभार्थी म्हणवून घेतले तर तो आपल्याच हक्काचे रूपांतर उपकारात करतो. तिथे ‘हक्कदार’ लिहावे.

मान देण्यासाठी निवडलेला शब्दही उलटू शकतो. एप्रिल २०२३ मध्ये ‘विधवा’ ऐवजी ‘गंगाभागीरथी’ हा शब्द वापरावा अशी सूचना राज्यात चर्चेला आली आणि तिच्यावर जोरदार टीका झाली. हेतू आदराचा असेलही, पण निमंत्रणपत्रिकेतली ‘सौ.’ आणि ‘गं. भा.’ ही जोडी पाहत आलेल्या बाईला त्या आदरातही नवऱ्याच्या असण्या-नसण्यावरून केलेली वाटणीच ऐकू येते. याच्या उलट, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला तेव्हा नाव बदलण्यापेक्षा प्रत्यक्ष कृत्यांकडे बोट दाखवले : कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे. पुसणे, तोडणे, फोडणे ही तीन रोजची क्रियापदे ओळीने वाचली की प्रथेच्या बाजूने बोलणाऱ्याची अडचण होते. मन वळवणाऱ्या लेखनाचा यापेक्षा चांगला मराठी धडा मला अलीकडे दिसलेला नाही.

खर्डा झाला की छोट्या शब्दांकडे पाहावे. ‘म्हणे’, ‘तथाकथित’ आणि ‘केवळ’ हे शब्द गुपचूप समोरच्याला खोटा ठरवतात, आणि ‘च’ वारंवार आला की लेखक हट्टी वाटतो. आपल्याला विनंती करायची आहे की भांडायचे आहे यावर त्यांचे प्रमाण ठेवावे. ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक निवेदनाच्या शेवटी असते, त्यामुळे ते आता सहीच्या वरची मोकळी जागा भरण्यापुरते उरले आहे. खरोखर काही करणार असाल तर तारीख आणि जागा लिहावी. नंतर संशय असलेला प्रत्येक शब्द काढून त्याच्या जागी शेजारचा शब्द घालावा आणि परिच्छेद मोठ्याने वाचावा, शक्यतो आपल्या बाजूच्या नसलेल्या माणसापुढे. तो जिथे थांबून ‘असं कसं म्हणता?’ असे विचारेल तो शब्द बहुधा बदलावा लागतो.

‘विषय’ या ओळीला मात्र यातले काही लागू करू नये. बारनिशीतला (आवक-जावक कक्षातला) लिपिक ती ओळ आवक नोंदवहीत उतरवतो आणि कागद कोणत्या शाखेकडे द्यायचा ते तिच्यावरून ठरवतो, म्हणून तिथे खात्याचाच शब्द हवा. ‘भीषण पाणीटंचाईबाबत’ लिहिलेला अर्ज टंचाई शाखेत जाऊन पडलेला मी पाहिला आहे. गळकी जलवाहिनी दुरुस्त करणारी शाखा दुसऱ्या मजल्यावर होती आणि तिला हवी असलेली ओळ होती, ‘कमी दाबाने होणाऱ्या पाणीपुरवठ्याबाबत’.