जुन्या गाडीतील ऑइलगळती शोधताना या चुका टाळा

जुन्या गाडीखाली ऑइलचा डाग दिसला की बहुतेक जण वाकून डागाच्या बरोबर वर कोणता भाग आहे ते पाहतात आणि तोच भाग दोषी ठरवून मोकळे होतात. त्या भागाचे पॅकिंग (दोन भागांच्या सांध्यातून ऑइल बाहेर येऊ न देणारी पट्टी) बदलले जाते, दोन-चार दिवस समाधानात जातात आणि मग डाग पुन्हा पूर्वीच्याच जागी उमटतो. याचे कारण असे की, ऑइल इंजिनातून जिथून बाहेर पडते तिथेच ते क्वचित खाली पडते. गाडी धावत असताना खालून वाहणारी हवा ते मागे ढकलत नेते आणि गाडी थांबल्यावर ते इंजिनाच्या कडा, बोल्टची डोकी व वायरी यांच्या आधाराने ओघळत सर्वांत खालच्या टोकाशी येऊन ठिबकते. म्हणून डागाकडून वर जाण्याऐवजी, इंजिनावरील सर्वांत उंच आणि सर्वांत पुढची ओली जागा कोणती, हा प्रश्न आधी विचारावा.

त्याही आधी एक सोपी खातरजमा करावी, ती म्हणजे गळणारा द्रव खरोखरच इंजिन ऑइल आहे का. पांढरा पुठ्ठा रात्रभर गाडीखाली ठेवला की रंग आणि जागा दोन्ही कळतात. इंजिन ऑइल तपकिरी किंवा काळे असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल नवे असताना बहुधा लाल असते, कूलंट हिरवे, गुलाबी किंवा नारिंगी असून त्याला गोडसर वास येतो, आणि साध्या गिअरबॉक्सच्या ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो. एअर कंडिशनर चालू असलेल्या गाडीखालचे स्वच्छ पाणी पाहून घाबरलेले लोकही कमी नाहीत.

न धुता शोध घेणे

सर्वाधिक वेळ वाया घालवणारी चूक हीच आहे. जुन्या इंजिनावर अनेक वर्षांचे ऑइल आणि धूळ मिळून जाड काळा थर बसलेला असतो. त्या थरात नवी गळती आणि जुने ओघळ वेगळे ओळखणे अनुभवी माणसालाही जमत नाही. इंजिन थंड असताना डिग्रीझर (तेलकट मळ सोडवणारा द्रव) मारून, ब्रशने घासून ते स्वच्छ करावे. मात्र अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर, उघडे कनेक्टर आणि हवा आत घेणारी नळी प्लॅस्टिकने नीट झाकावी, आणि जोरदार दाबाचे पाणी सीलच्या (फिरत्या दांड्याभोवती ऑइल अडवणाऱ्या रबरी कडीच्या) कडेवर सरळ मारू नये. इंजिन वाळल्यावर गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून पुन्हा पाहावे. संशयित जागांभोवती टाल्कम पावडर शिंपडली तर ऑइलची पहिली ओली रेघ त्यावर स्पष्ट उमटते. गळती फारच बारीक असेल, तर ऑइलमध्ये मिसळण्याचा चमकणारा रंग मिळतो. तो टाकून गाडी काही काळ चालवावी आणि अंधारात अतिनील दिव्याच्या प्रकाशात पाहावे. या उपायाला थोडा खर्च येतो, पण चुकीचे पॅकिंग एकदा बदलण्यापेक्षा तो स्वस्त पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबणे ही वेगळ्याच प्रकारची चूक आहे आणि तिची भरपाई होत नाही. गाडी सपाट जागी, स्टँडवर आणि चाकांना अडसर लावूनच उचलावी.

ऑइल कधी गळते, हे न पाहणे

गळतीची वेळ लक्षात घेतली, तर इंजिनाचा अर्धा भाग संशयातून आपोआप सुटतो. गाडी रात्रभर उभी असतानाही ठिबक चालू राहत असेल, तर गळती ऑइलच्या पातळीच्या खाली, म्हणजे चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याच्या) पॅकिंगमधून, ड्रेन नटच्या वॉशरमधून किंवा पातळीच्या आसपासच्या एखाद्या सीलमधून असण्याची शक्यता जास्त असते. इंजिन चालू असतानाच जोरात गळते आणि बंद केल्यावर लवकर थांबते, असे असेल तर दाबाखालचे भाग पाहावेत: ऑइल फिल्टर, ऑइल प्रेशर स्विच, ऑइल कूलरच्या नळ्या. जुन्या गाडीतील प्रेशर स्विच आतून फुटतो आणि ऑइल त्याच्या वायरीच्या जोडातून पाझरते. हा लहानसा भाग बदलायला सोपा असूनही त्याच्याकडे फार उशिरा लक्ष जाते. इंजिन चांगले तापल्यावर जळल्याचा वास येत असेल, तर टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाचे) पॅकिंग कडक होऊन ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या, इंजिनाला जोडलेल्या तप्त नळ्यांवर) पडत असावे. हा प्रकार पुढे ढकलू नये, कारण तापलेल्या मॅनिफोल्डवरचे ऑइल पेटू शकते.

गळती नुकतेच ऑइल बदलल्यानंतर सुरू झाली असेल, तर इतरत्र शोधण्याआधी फिल्टर काढून पाहावा. जुन्या फिल्टरचे रबर कधी कधी इंजिनालाच चिकटून राहते आणि त्यावर नवा फिल्टर बसवला की दोन रबरे एकावर एक येतात; दाब येताच ती सरकतात आणि काही मिनिटांत बरेचसे ऑइल बाहेर फेकले जाऊ शकते.

ब्रीदर न तपासता सील बदलणे

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पोकळीत) उतरतो आणि ब्रीदरच्या, म्हणजे हा वायू सोडणाऱ्या नळीच्या, मार्गाने बाहेर किंवा परत इनटेकमध्ये (इंजिनात हवा घेणाऱ्या मार्गात) जातो. हा मार्ग काजळीने तुंबला की आतला दाब वाढतो आणि ऑइल सर्वांत दुबळ्या सीलमधून बाहेर रेटले जाते. ते सील बदलले की पाळी पुढच्या दुबळ्या सीलची येते. एकाच गाडीत वर्षभरात तीन ठिकाणी गळती सुरू होत असेल, तर दोष सीलचा नसून दाबाचा आहे, असे आधी गृहीत धरावे. पीसीव्ही व्हॉल्व्ह (हा वायू इनटेकमध्ये सोडणारी झडप) असलेल्या पेट्रोल इंजिनात साधी चाचणी करता येते: इंजिन मंद गतीवर चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढावे आणि तोंडावर पातळ कागद धरावा. मार्ग मोकळा असेल तर कागद हलकेच आत ओढला जातो. तो जोराने वर उडत असेल, तर नळी व व्हॉल्व्ह साफ करून पुन्हा पाहावे. तरीही फरक पडला नाही, तर रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा लागतो. डिपस्टिकवरील (ऑइलची पातळी मोजण्याच्या पट्टीवरील) वरच्या खुणेच्या पुढे ऑइल भरण्याची सवयही अशीच घातक ठरते, कारण वर आलेल्या ऑइलला क्रँकशाफ्ट (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) घुसळू लागतो, त्यात फेस होतो आणि ते ब्रीदरमधूनही बाहेर पडू शकते.

क्रँकच्या मागच्या सीलला घाईने दोष देणे

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली ऑइल दिसले की 'मागचे सील गेले' असा निकाल दिला जातो. बहुतेक गाड्यांत या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे सील किरकोळ असते आणि मजुरी मोठी. एकदा मी स्वतः हा निकाल मान्य केला होता. गिअरबॉक्स उतरला, सील कोरडे निघाले आणि ऑइल टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ब्लॉकच्या पाठीवरून ओघळत असल्याचे नंतर कळले. म्हणून आधी ब्लॉकचा मागचा भाग वरपासून खालपर्यंत आरसा व टॉर्च घेऊन पाहावा. बेल हाऊसिंगमधून (इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामधील घंटेच्या आकाराच्या आवरणातून) येणारे ऑइल बोटावर घेऊन हुंगावे. त्याला गिअर ऑइलचा वास असेल, तर गळती गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून गती घेणाऱ्या दांड्याच्या) सीलची असते. गिअरबॉक्स खरोखरच उतरवला, तर क्रँकशाफ्टवर जुन्या सीलच्या ओठाने खाच पडली आहे का, हेही नखाने चाचपून पाहावे. खाच असेल तर नवे सील त्याच रेषेवर बसवून उपयोग होत नाही. ते किंचित आत-बाहेर बसवावे किंवा शाफ्टवर दुरुस्तीची बारीक बाही चढवावी.

आवळणे आणि सिलिकॉन फासणे

पॅकिंगमधून ऑइल येत असले की पाना घेऊन बोल्ट आवळण्याचा मोह होतो. कॉर्कचे पॅकिंग त्याने चिरडते आणि पत्र्याचे कव्हर बोल्टच्या भोवती आत दबून दोन बोल्टमध्ये फट पडते. टॅपेट कव्हरच्या बोल्टना अनेक इंजिनांत केवळ १० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (आवळण्याचा जोर) पुरतो, त्यामुळे नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. वाकलेली कड सपाट लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ करावी आणि मगच नवे पॅकिंग बसवावे. सिलिकॉन जिथे सांगितले आहे तिथेच, पातळ रेषेत लावावे. जास्तीचे सिलिकॉन आत तुटून पडते आणि ऑइल पंपाच्या जाळीत अडकून इंजिन कोरडे पाडू शकते. ते पूर्ण वाळण्यास बहुधा २४ तास लागतात, तोवर इंजिन चालू करू नये. गळती थांबवणारी बाटलीतली औषधे कडक झालेल्या रबरी सीलला थोडे फुगवतात, म्हणून सीलच्या पाझरावर त्यांचा कधी कधी तात्पुरता उपयोग होतो. फाटलेल्या पॅकिंगवर किंवा सैल ड्रेन नटवर होत नाही.

दुरुस्तीनंतर इंजिन पुन्हा पुसून घ्यावे, डिपस्टिकवरील पातळी किलोमीटरच्या आकड्यासह लिहून ठेवावी आणि सुमारे १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाहावे. पातळी घटत असून बाहेर कुठेही ओल नसेल, तर ऑइल गळत नसून जळत असावे. अशा वेळी गाडीखाली न शोधता एक्झॉस्टमधून निघणारा निळसर धूर पाहावा.