यंदाच्या पावसाळ्यात पवनचक्की घेऊ नका, वारा मोजा

वैशाख संपत आला. वळवाच्या वाऱ्याने गेल्या आठवड्यात दोन वस्त्यांवरचे पत्रे उडाले आणि लगेच मला तिघांनी एकच प्रश्न विचारला: "एवढा वारा फुकट जातोय, घरापुरती पवनचक्की बसवली तर लाईट बिल कमी येईल का?" त्यातल्या एकाने मोबाईलवर जाहिरातही दाखवली. गच्चीवर चार फुटांचा पंखा, शेजारी हसरं कुटुंब आणि खाली "बिल शून्य". त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. मृग लागायला अजून अवकाश आहे आणि या कामाची खरी सुरुवात मृगापासूनच करायची आहे.

वळवाचा वारा आधी बाजूला ठेवा. तो अर्धा तास घोंघावतो, झाडं पाडतो आणि जातो. नुकसान करायला तेवढा पुरतो, वीज करायला पुरत नाही. पवनचक्कीला हवा असतो तासन्‌तास, दिवसच्या दिवस एका दिशेने वाहणारा वारा. आपल्याकडे तो जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत या अवर्षणाच्या पट्ट्यात तर आषाढात ढग नुसते पळत असतात. थेंब पडत नाही, पण उभं राहू देत नाही असा वारा असतो. एरवी याच वाऱ्याला आपण शिव्या घालतो.

वर्षाच्या उरलेल्या महिन्यांचं काय? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना खळ्याचे दिवस विचारा. माघ-फाल्गुनात शाळूची मळणी झाली की वावडीवर, म्हणजे उंच तिवईवर, चढून पाटी हातात धरायची आणि वाऱ्याची वाट बघत थांबायचं. दुपार कलली की झुळूक येई, तेवढ्यात उफणून घ्यायचं. कधी कधी दोन-दोन दिवस रास तशीच पडून राही. भूस उडवण्यापुरता वारा जिथे मिळत नव्हता, तिथे त्याच महिन्यांत पवनचक्की काय फिरणार? चक्की घेताना बारा महिन्यांचा हिशोब धरायचा, आषाढातल्या आठ दिवसांचा नाही.

आता थोडं गणित, कारण फसगत इथेच होते. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने बदलते. वेग दुप्पट झाला की वीज आठपट, वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा. जाहिरातीत "१ किलोवॉट" लिहिलेलं असतं ते बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर, म्हणजे ताशी ४०-४३ किलोमीटर वारा असतानाचं. आपल्या वस्तीवर वर्षाची सरासरी बऱ्याचदा सेकंदाला ३ ते ४ मीटर निघते. वारा १२ ऐवजी ४ मीटर असेल तर त्या क्षणी हाती येते सत्ताविसावा हिस्सा वीज. शिवाय वाऱ्यातली सगळी ताकद काढून घेणं कुठल्याच यंत्राला जमत नाही. ५९.३ टक्के ही निसर्गानेच घातलेली मर्यादा आहे, आणि छोट्या चक्क्या तारा-बॅटरीतली गळती धरून त्याच्या बऱ्याच खाली असतात.

अडीच मीटर व्यासाची पाती असलेली चक्की घेऊ. सरासरी वारा ३ मीटर असेल तर महिन्याला जेमतेम १५-२० युनिट. ४ मीटर असेल तर ४५-५० युनिट. ५ मीटर असेल तर ९० च्या आसपास. पाती तीच, फरक फक्त जागेचा. समजा, टॉवरसकट सगळा खर्च दीड लाख झाला आणि युनिटमागे १० रुपये वाचले, तर ४ मीटरच्या जागेवर वर्षाला साडेपाच-सहा हजार सुटतील. पैसे फिटायला पंचवीस वर्षं, आणि मधला देखभालीचा खर्च वेगळाच. म्हणून विक्रेत्याला "किती किलोवॉट?" विचारू नका. पात्यांचा व्यास किती आणि सरासरी ४ व ५ मीटर वाऱ्याला वर्षाकाठी किती युनिट, हे दोन आकडे कोटेशनवर लिहून मागा. आयईसी ६१४००-२ या छोट्या पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चाचणी झाली असेल तर तिचा अहवाल मागा. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचं तामिळनाडूतल्या कायथर इथे चाचणी केंद्र आहे, तिथला अहवाल असेल तर उत्तम. जो आकडे लिहून द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

"ढालगावला, चाळकेवाडीला, ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या आहेत, मग आपल्याकडे वारा नाही कसा?" हेही नेहमी ऐकू येतं. वारा आहे, पण तो उघड्या पठारावर आणि उंचावर आहे. त्या चक्क्यांचा पंखा ५० ते १०० मीटरवर असतो. आपली वस्ती खाली, भोवती कडुनिंब, बाभळी, गोठा आणि कडब्याची गंज.

गच्चीवर बसवू नका, हे मी स्वतःच्या घरावरून सांगतो. चार वर्षांपूर्वी मी स्लॅबवर ६०० वॉटची चक्की बसवली होती. आषाढात रात्रभर घरघर भिंतीतून खाली उतरायची, लहान मूल दचकून उठायचं. वर्षाच्या अखेरीस वहीत बेरीज केली तर महिन्याला सात-आठ युनिट. नटबोल्ट आवळायला दर पंधरा दिवसांनी वर चढावं लागे, आणि पायाच्या प्लेटभोवती स्लॅबला चीर गेली ती वेगळीच. कारण साधं आहे. वारा भिंतीवर आपटून वर उसळतो, गच्चीवर भोवरे होतात. भोवऱ्यात पाती सारखी दिशा बदलतात, वीज कमी होते आणि बेअरिंग लवकर जातं. अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या वीसपट अंतरापर्यंत वारा बिघडलेला असतो. २० फुटी घर असेल तर मागे ४०० फूट.

मृगापासून काय करायचं

हे काम स्वस्त आहे आणि मन लावून करण्यासारखं आहे. टॉवर जिथे उभारायचा विचार आहे तिथेच २०-२५ फुटी सरळ बांबू किंवा पाइप रोवा. बहुतेक वेळा ही जागा घराच्या आणि झाडांच्या पश्चिमेला निघेल, कारण पावसाळी वारा तिकडूनच येतो. टोकाला अनिमोमीटर, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, लावा. नोंद साठवून ठेवणारा मिळाला तर सगळ्यात चांगलं. दोघा-चौघांनी मिळून एक घेतला तरी चालेल, आळीपाळीने फिरवू नका मात्र. वर्षभर एकाच जागी राहू द्या.

तो नसेल तर कापडाची पट्टी बांधा आणि वही घाला. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा, रात्री दहा. पानं-डहाळ्या सतत हलतात आणि पट्टी आडवी होते तेव्हा वारा साधारण साडेतीन ते साडेपाच मीटर असतो. धूळ आणि पाचट उडू लागलं, छोट्या फांद्या हलू लागल्या की साडेपाच ते आठ. पानं नुसती सळसळत असतील तर तीनच्या खाली, तिथे बहुतेक चक्क्या फिरल्या तरी वीज देत नाहीत. रात्रीची नोंद चुकवू नका. पुष्कळ ठिकाणी दिवेलागणीनंतर वारा बसतो आणि आपला वापर तर तेव्हाच असतो.

बांधावरची जुनी झाडंही बघा. माळावरची एखादी बाभूळ कायमची पूर्वेला कललेली असेल, पश्चिमेच्या अंगाच्या फांद्या खुरटलेल्या असतील, तर त्या जागी वारा नेमाने वाहतो असं समजा. जोडीला महसूल मंडळाच्या स्वयंचलित हवामान केंद्राचे वाऱ्याचे आकडे आणि कृषी विज्ञान केंद्राच्या हवामान पत्रिकेतला ताशी किलोमीटरचा आकडा पडताळा. त्या आकड्याला ३.६ ने भागलं की सेकंदाचे मीटर मिळतात. केंद्राचा आकडा तुमच्या माळाचा नसतो, पण कुठल्या महिन्यात वारा किती घटतो-वाढतो हे कळतं.

२० फुटांवर ४ मीटर वारा मिळाला तर मोकळ्या रानात ६० फुटांवर साधारण ४.७ मिळेल. वाढ थोडी वाटते, पण वीज दीडपटीहून जास्त होते. पाती छोटी चालतील, टॉवर ठेंगणा चालणार नाही.

मे महिन्यापर्यंतची सरासरी टॉवरच्या उंचीला ५ मीटरच्या खाली आली तर बिल कमी करण्यासाठी चक्कीचा नाद सोडा. साडेपाचच्या वर असेल तर पुढे वाचा.

बिलाचं आधी बघा

शेतीपंपाचं बिल या हिशोबात धरू नका. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळासाठी राज्याची मोफत वीज योजना आहे. तिथे चक्की लावून काही वाचणार नाही. प्रश्न घराच्या आणि गोठ्याच्या मीटरचा.

घरात जुने पंखे किती आहेत ते मोजा. जुना पंखा ७५ वॉट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. चार पंखे बारा तास चालत असतील तर बदलल्यावर महिन्याला ६५ युनिट वाचतात. वर सांगितलेली अडीच मीटरची चक्की ४ मीटर वाऱ्याला एवढी वीज करत नाही! आणि बिल टप्प्याटप्प्याने चढतं. १०० युनिटच्या पुढचा दर महाग असतो, त्यामुळे कमी झालेलं प्रत्येक युनिट आधी महागड्या टप्प्यातलं कमी होतं.

त्यानंतर सोलर. आपल्या भागात १ किलोवॉट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, महिन्याला १२० च्या घरात. पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार, २ ला ६० हजार आणि ३ किंवा जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे. त्यात हलणारा भाग नाही, चढाउतार नाही. बिल कमी करणं एवढाच हेतू असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: आधी पंखे, मग सोलर, चक्की सगळ्यात शेवटी.

मग चक्की कुणी घ्यावी? उघड्या माळावर किंवा डोंगराच्या कडेला वस्ती आहे, लाईनचा खांब लांब आहे किंवा पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज जाते, आणि सोलर आधीच आहे, अशांनी. आषाढात आभाळ गच्च असतं, सोलर निम्म्यावर येतं आणि वारा नेमका तेव्हाच जोरात असतो. कोकणच्या सड्यावरही तसंच. ही जोडणी खरोखर उपयोगी आहे. मात्र त्यावर दिवे, पंखे, टीव्ही, मोबाईल, राउटर एवढंच चालवा. कडबाकुट्टी सुरू होताना जो झटका घेते तो छोट्या इन्व्हर्टरला झेपत नाही. १२ व्होल्ट १५० एएचच्या बॅटरीतून, ती टिकवायची असेल तर, एका वेळी जेमतेम पाऊण-एक युनिट काढावं.

उभारणी

वर्षभराची नोंद हाती आली की पुढच्या दिवाळीनंतर खड्डे काढा आणि माघ-फाल्गुनात, वारा शांत असताना, टॉवर उभा करा. वैशाखात टॉवर चढवायला जाऊ नका, वळवाची वावटळ सांगून येत नाही.

५०० फुटांच्या आतल्या सगळ्यात उंच झाडा-घरापेक्षा पात्यांचं खालचं टोक ३० फूट वर हवं. टॉवर खाली आडवा करता येईल असा बिजागरीचा घ्या, म्हणजे दुरुस्तीला कुणाला वर चढवावं लागणार नाही. घर, गोठा, रस्ता आणि विजेच्या तारांपासून टॉवरच्या उंचीच्या दीडपट लांब. काळ्या रानात ताणांचे, म्हणजे टॉवर धरून ठेवणाऱ्या तारांचे, ठोकळे वर-वर भरू नका. ती जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ताण सैल पडतो. मुरूम लागेपर्यंत खाली जा. फळबागेभोवती सुरूची किंवा शेवरीची वारारोधक रांग असेल तर चक्की तिच्या पूर्वेला नको. रांग तोडूही नका, केळी-डाळिंबाला तिचा उपयोग जास्त आहे.

२४ व्होल्टपेक्षा ४८ व्होल्ट घ्या. तेवढ्याच विजेला प्रवाह निम्मा होतो, लांबच्या केबलमधली गळती घटते. अर्थिंग आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यात काटकसर नको. कंट्रोलरला डम्प लोड, म्हणजे जादा वीज जाळणारा हीटर, हवाच. बॅटरी भरल्यावर सोलर नुसतं तोडता येतं. चक्की भारावाचून सोडली तर वेडीवाकडी पळते आणि पाती तुटून उडतात. ब्रेकचा स्विच खाली, हाताशी असावा आणि तो घरातल्या बायका-पोरांनाही चालवता यावा.

ग्रीडला, म्हणजे महावितरणच्या लाईनला, जोडून नेट मीटर (लाईनला दिलेली वीज बिलातून वजा करणारा) हवा असेल तर पैसे भरण्याआधी महावितरणच्या उपविभागात लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखी घ्या. ग्रीडची जोडणी बॅटरीविना असेल तर लाईन गेली की तीही बंद पडते. लाईनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी ते तसंच असावं लागतं. ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि शेजारच्या बांधवाल्याची संमती आधीच घ्या.

ज्यांच्याकडे चक्की आहे त्यांनी मृगाआधी एक दिवस काढा. ब्रेक लावून टॉवर आडवा करा. पात्यांच्या कडेवरून बोट फिरवा, खरखर किंवा चीर लागली तर ते पातं चालवू नका. पंखा हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका. टर्नबकल (ताणाची तार आवळायचा स्क्रू) आवळून त्यातून तार ओवून बांधा, नाहीतर थरथरीने तो आपोआप उलगडतो. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घाला, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडा. टॉवर उभा केल्यावर चारही ताण हाताने दाबून बघा, सारखेच ताठ लागले पाहिजेत. पहिल्या मोठ्या वाऱ्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा बघा, नव्या ठोकळ्याचा ताण बहुधा तेव्हाच सैल सापडतो.